आधी कसा होता?

दिवाळी अंक जवळ आला की संपादकांचा ठराविक निरोप येतो : "मास्तर, यंदा जरा हलकेफुलके होऊ द्या. लोक चकली खात खात वाचतात." वर्षभर या पानावर मी ऱ्हस्वदीर्घाची, परीक्षेच्या पेपरांची आणि घरातल्या किरकोळ पराभवांची जी दळणे दळतो, ती त्यांना पुरेशी हलकी वाटत नसावीत. यंदाही मी 'हो' म्हटले होते. फराळाच्या डब्यांवर काहीतरी लिहावे, असा बेत मनाशी जमतही आला होता. तेवढ्यात कॅलिफोर्नियाहून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आले आणि बेत फसला. मोहन कमी पडलेल्या चकलीसारखा तो तळणीतच बसला म्हणा ना!

ही मुलगी पंधरा वर्षांपूर्वी आमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसे आणि मी फळ्यावर तारीख चुकीची लिहिली तरी उभी राही. एम. ए. झाली, लग्न झाले, नवऱ्याच्या नोकरीबरोबर ती अमेरिकेला गेली. तिथल्या कायद्याप्रमाणे पहिली काही वर्षे तिला नोकरी करायला मनाई होती. चार भिंतींना कंटाळून तिने एक बिनपगारी काम पत्करले. ते काम नेमके कोणते, हे सांगलीतल्या आपल्या आईला मराठीतून समजावून सांगताना तिची त्रेधा उडाली, तेव्हा तिने मला विचारले, "सर, 'फॉस्टर केअर'ला मराठीत काय म्हणायचं?"

मराठीच्या मास्तराला असा प्रश्न विचारणे म्हणजे उपाशी माणसापुढे पाट मांडणेच. दोन दिवस मी त्यातच होतो. 'दत्तक' म्हणावे तर ते कायमचे नाते. हे तर तात्पुरते. 'पोसणे' म्हणावे तर त्या शब्दाला उपकाराचा वास येतो. 'पोसलेले पोर' हे आपल्या बोलण्यात कधी प्रेमाने आलेले नाही. 'पाळणे' मांजराकडे जाते. 'पालक' हा चांगला शब्द होता, पण तो आपण खऱ्या आईबापांना देऊन बसलो. सरकारी दप्तरात 'बालसंगोपन' आहे. परंतु ते ऐकून सांगलीच्या आईला वाटायचे की मुलगी बाळंतविड्यावर पुस्तक लिहिते आहे. शेवटी मी कळवले, "'सांभाळायला दिलेली मुलं' म्हण. शब्द लांब आहे, पण खोटा नाही." आणि खोड जाईना म्हणून शेवटी एक टीपही जोडली : शेजारच्या गुजरातीत सांभाळण्याला 'संभाळवुं' म्हणतात आणि आठवण काढण्याला 'संभारवुं'. व्युत्पत्त्या वेगळ्या असतीलही; पण मधे फरक एकाच अक्षराचा. त्या टिपेचा एवढा उपयोग होईल असे तेव्हा वाटले नव्हते.

ही मुले कोण, हे थोडक्यात सांगायला हवे. आईबाप मारहाण करतात, व्यसनात बुडालेले असतात, मुलांना उपाशी किंवा एकटे टाकून जातात, अशा वेळी तिकडे न्यायालयाच्या हुकुमाने मूल घरातून काढले जाते आणि राज्य त्याचे पालक होते. राज्याला काही मांडी नसते. म्हणून ते मूल एखाद्या नातेवाइकाकडे, नाहीतर मंजुरी मिळालेल्या परक्या कुटुंबाकडे, तेही न जमल्यास पाचदहा मुलांच्या वसतिगृहात ठेवतात, आणि सांभाळणाऱ्याला दरमहा खर्च देतात. आईबाप सुधारले तर मूल परत जाते. न सुधारले तर दत्तक जाते. आणि दोन्हींपैकी काहीच न होता ते अठरा वर्षांचे होते, असेही पुष्कळदा घडते. १९९९ साली अशी मुले ५ लाख ६७ हजार होती. २०२३ च्या सप्टेंबरअखेर ती ३ लाख ४३ हजारांच्या आसपास होती.

यातले एखादे मूल न्यायाधीशापुढे येते तेव्हा त्याच्या बाजूला वकील असतो, समाजसेवक असतो, आणि प्रत्येकाच्या हाताखाली अशी बरीच मुले असतात. १९७७ साली सिअ‍ॅटलच्या डेव्हिड सूकप नावाच्या न्यायाधीशांना वाटले की एका मुलासाठी एकच माणूस नेमावा, ज्याला दुसरे मूल नाही. साध्यासुध्या नागरिकांना थोडे शिकवून, शपथ देऊन त्यांनी हे काम सुरू केले. पुढे ते देशभर पसरले. माझी विद्यार्थिनी करते ते हे काम. तिच्या वाट्याला एक मुलगा आला आहे. त्याचे नाव, गाव, शाळा ती सांगत नाही, आणि मी विचारत नाही. शपथ आहे. "वय तुमच्या मुलाएवढं धरा," एवढेच ती लिहिते.

तर पत्र असे होते. त्या मुलाला एका घरातून दुसऱ्या घरात हलवले, त्या दिवशी ही तिथे होती. हे त्याचे चौथे घर. कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत होते. औषधांसाठी मात्र वेगळी पारदर्शक पिशवी होती. एकेक बाटली बाहेर काढून नवीन घरच्या बाईंपुढे गोळ्या मोजल्या, कागदावर लिहिल्या आणि दोघांनी सह्या केल्या. चार तऱ्हेच्या गोळ्या होत्या. "सर, गोळ्यांचा हिशेब चोख होता," तिने लिहिले होते, "पण याला अंधारात झोप येत नाही, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. मला ते ठाऊक होतं म्हणून मी सांगितलं. आणि मला तो भेटून तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते."

हे पत्र मी आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत वाचून दाखवले. राज्यशास्त्राच्या सरांनी चहाचा पेला खाली ठेवून निकाल देऊन टाकला : "अहो, तिकडे कुटुंबसंस्थाच मोडली. दुसरं काय होणार?" मला हा निकाल फार स्वस्तातला वाटतो. आपल्याकडेही आई गेलेली पोरे मामाकडे वाढली. बिथरलेल्या पोराला गोळी मिळत नसे, फुंकणी मिळे, आणि ती मोजून सही करून कुणी देत नसे. तिकडे निदान मोजणारे निघाले.

मोजणारे म्हणजे कोण? तिथल्या संसदेसाठी सरकारी खर्च तपासणारी एक कचेरी आहे. आपल्या महालेखापालांची चुलत बहीण म्हणा. तिने २०११ च्या डिसेंबरात एक अहवाल दिला. फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, ऑरेगन आणि टेक्सास या पाच राज्यांतली २००८ सालची औषधांची बिले तिने तपासली होती. गरिबांच्या औषधपाण्याचा खर्च 'मेडिकेड' नावाची सरकारी योजना सोसते. सांभाळायला दिलेल्या मुलांचाही सोसते. त्या योजनेतल्या इतर मुलांपैकी शंभरांत पाच ते दहा मुलांना मनावर चालणारी औषधे लिहून दिलेली होती. सांभाळायला दिलेल्या मुलांत हे प्रमाण शंभरांत एकवीस ते एकोणचाळीस होते. राज्याराज्याचा हिशेब केला तर २.७ पटींपासून ४.५ पटींपर्यंत जास्त. आणि शेकडो मुले अशी निघाली, की ज्यांना पाच किंवा पाचांहून जास्त औषधे एकाच वेळी चालू होती. कचेरीने विचारलेल्या तज्ज्ञांचे म्हणणे असे पडले, की इतकी औषधे एकदम देण्याला मुलांतच काय, मोठ्या माणसांतही काही शास्त्रीय आधार नाही.

हे आकडे वाचून लगेच डॉक्टरांना फासावर चढवू नये. त्या अहवालानेही तसे केलेले नाही. मार खाल्लेल्या, टाकून दिलेल्या मुलाच्या मनाला इतरांपेक्षा जास्त इजा झालेली असणार, त्याला जास्त उपचार लागणार, हे उघड आहे. काही मुलांना औषधाशिवाय गत्यंतर नसते, आणि ते न मिळणे हाही अन्यायच. प्रश्न असा, की गोळी हा उपचाराचा एक भाग होता, की तोच सगळा उपचार होऊन बसला होता. ज्या घरात मारहाण होते तिथे वाढलेले मूल दार वाजले तरी दचकते, रात्री जागे राहते, शिक्षकांचे बोलणे ऐकण्याऐवजी त्यांच्या हाताकडे पाहत बसते. हे सारे भीतीने होते. पण वीस मिनिटांच्या भेटीत ते चंचलतेच्या रोगासारखे दिसते. भीती जायला महिनोन् महिने बोलणारे माणूस हवे. तशी माणसे थोडी आणि त्यांच्याकडे रांग लांब. गोळी दुपारपर्यंत मिळते.

आता घरचे सांगतो, कारण त्याशिवाय मला हे प्रकरण कळलेच नसते.

दोन वर्षांपूर्वी आमचे चिरंजीव तिसरीत असताना शाळेतून चिठ्ठी आली. मुलगा जागेवर बसत नाही, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो, पट्ट्या-पेन्सिली हरवतो, शेजारच्याला काम करू देत नाही. मी म्हटले, "यात विशेष काय? मीही असाच होतो." सौ. म्हणाली, "म्हणूनच म्हणते, दाखवून घेऊ."

पुण्याला मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी चिरंजिवांना चित्रे काढायला बाहेर बसवले आणि आम्हांला पहिलाच प्रश्न केला, "हा आधी कसा होता?"

मी घसा साफ केला. केशवसुतांवर दीड तास टिपणाशिवाय बोलणारा मनुष्य मी. पण "तसा चांगलाच होता" याच्यापुढे मला वाक्य सुचेना. बाई वाट पाहत होत्या. तेव्हा सौ.ने पिशवीतून दुधाच्या हिशेबाची वही काढली. पुढच्या पानांवर लिटर आणि खाडे. मागून उघडली तर चिरंजीव! कोणत्या महिन्यात पाऊल टाकले, कोणत्या तापात बडबडले, बालवाडीच्या बाई काय म्हणाल्या, आजी गेल्यावर किती दिवस वरणभात नको म्हणत होते, रात्री दात खायला केव्हा लागले, सगळे तारीखवार. नऊ वर्षे मी त्या वहीवर चहाचा कप ठेवत आलो होतो. अर्धा तास दोघी बोलत होत्या आणि मी भिंतीवरचे मेंदूचे चित्र पाहत होतो. परीक्षेत न वाचलेल्या भागावर प्रश्न आल्यावर मुलांचे चेहरे कसे होतात, ते मला त्या दिवशी आतून कळले.

बाईंनी चार महिने औषधाचे नाव काढले नाही. शाळेला पत्र दिले, त्याला पुढच्या बाकावर बसवायला सांगितले, घरचे वेळापत्रक बदलायला लावले. त्यानंतर मेथिलफेनिडेटची लहानशी गोळी सुरू केली. थोडा गुण दिसला म्हणून पुढे ती वाढवली. आणि काय सांगू, घरात शांतता नांदू लागली! दप्तर जागेवर, बूट जागेवर, चिरंजीव जागेवर. शाळेचा शेरा आला, 'खूप सुधारणा.' त्या आठवड्यात मी शंभर पेपर तपासून हातावेगळे केले.

सहाव्या दिवशी रात्री सौ. म्हणाली, "तो गुणगुणत नाही हो."

आमच्या चिरंजिवांना एक खोड आहे. चित्र काढताना, बुटाची नाडी बांधताना, नळाखाली हात धुताना ते नाकातल्या नाकात घंटागाडीचे गाणे गुणगुणतात. कचरा न्यायला सकाळी जी गाडी येते, तिच्या कर्ण्यावरचे. सूर चुकीचा, शब्द अर्धे. मी म्हटले, "बरं झालं, एक कटकट गेली." सौ. हसली नाही. तिने दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन केला. मला वाटले, त्या तरी हसतील. त्याही हसल्या नाहीत. "कधीपासून? जेवण कसं आहे? हाक मारल्यावर वर बघतो का? हसला कधी शेवटचा?" असे विचारून त्यांनी गोळी पूर्वीएवढी केली. मुलगा शांत झाला नव्हता, मावळला होता. मात्रा जास्त झाली की असे होते, हे त्यांनी मला पुढच्या खेपेस समजावून सांगितले. दहाबारा दिवसांनी एका सकाळी न्हाणीघरातून घंटागाडी आली. सौ. पोळी लाटता लाटता थांबली आणि पुन्हा लाटू लागली.

गोळी अजून चालू आहे, आणि तिचा त्याला उपयोगही होतो. माझे औषधाशी काही वैर नाही. मला सांगायचे आहे ते वहीबद्दल.

मधुमेह असेल तर साखर मोजता येते, ताप असेल तर पारा वर चढतो. मुलाच्या मनावर औषधाचे काय चालले आहे, हे कोणत्या नळीत दिसत नाही. ते कुणाला तरी दिसावे लागते. आणि ज्याने त्याला आधी पाहिले आहे, त्यालाच ते दिसते. सांभाळायला दिलेल्या मुलाचे नेमके हेच माणूस गेलेले असते. चौथ्या घरातल्या बाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिले ते चार गोळ्यांसकट. त्यांच्या लेखी हाच तो मुलगा. तो गुणगुणत नाही, हे त्यांना कसे कळणार? त्या दुष्ट नाहीत. माझी विद्यार्थिनी लिहिते की त्या त्याच्यासाठी रोज वेगळा डबा करतात. पण 'आधी' त्यांच्याजवळ नाही.

आणि 'आधी' नसले की औषधे वाढतात कशी, हेही तिने एका पत्रात उलगडून सांगितले. लक्ष लागावे म्हणून एक गोळी. तिने झोप उडते, म्हणून रात्री दुसरी. नव्या घरात आल्यावर मूल आदळआपट करते, म्हणून तिसरी. ही बहुधा मोठ्या माणसांच्या वेडेपणाच्या आजारांसाठी निघालेली; रिस्पेरिडोन त्यांतलेच. स्वमग्न मुलांच्या चिडखोरपणासाठी, किंवा दहातेरा वर्षांपुढच्या मुलांच्या ठरावीक गंभीर आजारांसाठी तिला तिकडे मंजुरी आहे. पण मंजुरी नसलेल्या कारणासाठी डॉक्टरने औषध लिहिणे बेकायदा नाही. तिने वजन भराभर वाढते, सुस्ती येते, काही मुलग्यांची छाती मुलींसारखी वाढते. मग वर्गात चिडवतात, मूल आणखी आदळआपट करते, आणि चौथी गोळी येते. दर वेळी डॉक्टर नवा असतो. आधीच्याने लिहिलेले औषध काढायला धीर लागतो, आणि माहितीही लागते. आणखी एक वाढवायला दोन्हींची फारशी गरज पडत नाही. टेक्सासमधल्या २००४ सालच्या कागदपत्रांवरून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सांभाळायला दिलेल्या ज्या मुलांना अशी औषधे चालू होती, त्यांच्यातली ४७२ मुले निवडून पाहिली, तर शंभरांत एकेचाळिसांना एकाच महिन्यात तीन किंवा जास्त निरनिराळ्या जातींची औषधे मिळत होती.

२००९ सालच्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात अशा एका सात वर्षांच्या मुलाने आपला जीव घेतला. सात वर्षांच्या. हे वाक्य मी तीनदा खोडले आणि तीनदा पुन्हा लिहिले. दिवाळीच्या अंकात ते नको, असे संपादक म्हणाले तर त्यांचेही चुकणार नाही. त्याला मनावरची औषधे चालू होती. औषधांनीच तसे झाले, असे मी म्हणणार नाही. ते कुणालाच ठरवता येण्यासारखे नाही. पण राज्याने चौकशीसाठी समिती नेमली, आणि तिला नियमांची वाण आढळली नाही. आईबापांची संमती किंवा न्यायाधीशाचा हुकूम हवा, असा कायदा २००५ पासून तिथे होता. तो पाळला जात नव्हता. अनेक माणसे त्या पोराच्या कामावर होती, पण त्याच्या बाजूने सगळे एकत्र पाहणारे कुणी नव्हते.

पुढे हालचाली झाल्या. २०११ सालीच संसदेने कायदा करून प्रत्येक राज्याला या औषधांवर देखरेखीची पद्धत ठरवायला लावली. तो लेखा-अहवाल ज्या दिवशी सिनेटच्या समितीपुढे आला, त्या दिवशी एक बारा वर्षांचा मुलगाही साक्षीला आला होता. सांभाळायला दिलेला असताना आपल्याला कोणती औषधे मिळत आणि त्यांनी किती थकवा येई, हे त्याने त्या मोठमोठ्या लोकांना सांगितले. तोपर्यंत तो दत्तक गेला होता. म्हणजे त्याला आता 'आधी' आणि 'नंतर' दोन्ही सांगणारे घर होते. २०१४ साली सान होसेच्या 'मर्क्युरी न्यूज' या वृत्तपत्रात कॅरन दे सा या बाईंनी लेखमाला लिहून दाखवले की कॅलिफोर्नियात सांभाळायला दिलेल्या किशोरवयीन मुलांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाला अशी औषधे मिळतात. मिसूरी राज्यात तर २०१७ साली मुलांच्या वतीने राज्यावरच दावा लागला आणि २०१९ साली तडजोड झाली. त्या दाव्यातली एक मुख्य मागणी काय होती म्हणता? मूल घर बदलेल तेव्हा त्याचे औषधपाण्याचे टिपण त्याच्याबरोबर जावे! आमच्या सौ.च्या वहीसाठी तिकडे कज्जा करावा लागला. आणि कायदे झाल्यानंतरही, २०१८ साली सरकारी तपासनिसांनी आणखी पाच राज्ये पाहिली, तर औषधे चालू असलेल्या तीन मुलांपैकी एकाच्या बाबतीत उपचाराची आखणी किंवा औषधावरची देखरेख, यांतले काही ना काही झालेलेच नव्हते.

कॅलिफोर्नियाची रीत थोडी निराळी आहे. १९९९ च्या कायद्याने तिथे ही औषधे मंजूर करण्याचा अधिकार मुलांच्या न्यायालयाकडे दिला. डॉक्टर अर्ज करतो, न्यायाधीश सही करतो. आता न्यायाधीशाला गोळीतले काय कळणार, असे आपण म्हणू. त्यांनाही तसे वाटले असावे, कारण लेखमालेनंतर २०१५ साली नवे कायदे झाले आणि त्यापाठोपाठ अर्जाला दोन कागद जोडले गेले. एकावर खुद्द मुलाने आपले म्हणणे सांगायचे : हे औषध घेतल्यावर तुला कसे वाटते, तुला ते हवे आहे का. दुसरा कागद मुलाला ओळखणाऱ्या माणसांसाठी. सांभाळणारी बाई, आईबाप, माझ्या विद्यार्थिनीसारखी कैवारी, कुणीही तो भरावा. पहिल्याचा क्रमांक जेव्ही-२१८, दुसऱ्याचा जेव्ही-२१९. सरकारी कागदांबद्दल मला एरवी प्रेम नाही, पण या दोन कागदांबद्दल आहे.

मागच्या महिन्यात त्या मुलाचा अर्ज आला. पाचवी गोळी. नवीन शाळेत त्याने खुर्ची फेकली होती. हिच्यापुढे २१९ क्रमांकाचा कागद होता. तिने रात्री मला फोन केला. तिची रात्र, माझी सकाळ, बाहेर घंटागाडी वाजत होती. "सर, मी काय लिहू? मला हा आवडतो, एवढंच मला ठाऊक आहे. ते काही पुरावा नव्हे."

मी तिला सौ.चा किस्सा सांगितला. चिरंजिवांची खासगी गोष्ट परवानगीशिवाय सातासमुद्रापार पाठवल्याबद्दल घरात मला नंतर बोलणी बसली, ते असो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मला आधीचं माणूस शोधलं पाहिजे."

तिने न्यायालयाच्या हुकुमाने जुनी कागदपत्रे पाहिली. पहिल्या घरची बाई दुसऱ्या राज्यात गेलेली. दुसऱ्या घराने बोलायला नकार दिला. तीन समाजसेवक बदललेले. शेवटी पहिलीच्या वर्गावर मदतनीस असलेल्या एक म्हाताऱ्या बाई सापडल्या. त्या निवृत्त झाल्या होत्या. नाव सांगताच त्या म्हणाल्या, "तो बुटांचा मुलगा?" सकाळी वर्गात आल्याबरोबर तो दाराशी पडलेले सगळ्यांचे बूट जोडीने लावून ठेवी. मग दाराजवळच्या खुर्चीवर बसे. त्या खुर्चीवरून दार दिसत असे. ती खुर्ची दिली, तर तो दिवसभर नीट बसे. नाही दिली, तर त्या दिवशी काही खरे नव्हते. बाईंनी हे कधी कुठे लिहून ठेवले नव्हते. कुणी विचारले नव्हते.

नवीन शाळेत त्याची जागा खिडकीशी, दाराकडे पाठ करून होती.

विद्यार्थिनीने हे सगळे कागदावर लिहिले. जागा पुरली नाही म्हणून मागे आणखी पान जोडले. खुर्ची बदलून पाहावी, आणि पाचवी गोळी देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे, अशी विनंती केली. मुलाने आपल्या कागदावर काय सांगितले, ते तिने मला सांगितले नाही. ते त्याचे आहे. न्यायाधीशांनी अर्ज मंजूरही केला नाही आणि फेटाळलाही नाही. दुसरे मत मागवले आहे. तारीख दिवाळीनंतरची आहे.

त्या जोडपानाच्या शेवटी, कुणी विचारले नसताना, तिने एक ओळ लिहिली : मी या मुलाला सात महिन्यांपासून ओळखते. फाइल चाळताना तिच्या लक्षात आले होते की आज त्याच्या कामावर सह्या करणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांत ही मुदत सर्वांत लांब होती.